आधी फळ्या, मग आमेन

आमच्या दुकानात मेल्याशिवाय कोणाचं काम होत नाही. हा विनोद माझा नाही. दुकानावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे, आणि प्रत्येकाला वाटतं तो आपणच पहिल्यांदा केला. आम्ही शवपेट्या करतो. आमचे हे लाकूड कापतात, रंधा मारतात, जोडतात. मी आतलं अस्तर शिवते, उशी भरते आणि घरच्या लोकांशी बोलते. बोलायचं काम माझ्याकडे, कारण हे बोलायला लागले की थेट स्वर्गात पोचतात आणि पेटी किती वाजता हवी ते विचारायचंच राहतं.

यांना चर्चमध्ये सगळे आमेनभाऊ म्हणतात. चहा दिला तरी आमेन, चहात साखर नसली तरी आमेन. हात मात्र सोन्याचा, हे मी शत्रूपुढेही कबूल करीन. यांच्या पेटीच्या सांध्यात नख शिरत नाही. पण माणूस असा हट्टी, की लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि एक साधी गोष्ट मला यांच्या डोक्यात घालता आली नाही: लाकूड आधी आणून ठेवावं.

यांचा नियम असा. कोणी गेल्याची खबर आली की हात धुवायचे, प्रार्थना करायची आणि मग वखारीत जाऊन लाकूड आणायचं. त्याआधी एक फळीसुद्धा दुकानात येता कामा नये.

"माणूस जायच्या आधी तयारी करून ठेवणं म्हणजे प्रभूला घाई करणं," हे म्हणतात. "तो पुरवतो. आजवर पुरवलं ना?"

"त्याने नाही, वखारवाल्याने पुरवलं," मी म्हणते. "आणि बायबलातल्या ज्या म्हाताऱ्याने महापुरासाठी तारू बांधलं, त्याने काय पाऊस सुरू झाल्यावर फळ्या आणल्या होत्या?"

"त्याला प्रभूने आधी सांगितलं होतं."

"मग तुम्हाला मी सांगतेय ना!"

यावर हे हसतात आणि हसता हसता खोकतात. हा खोकला वर्षभरापासून आहे. लाकडाच्या भुशाचा आहे म्हणे. डॉक्टरला दाखवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वरचा बघतोय." वरच्याला छातीचा फोटो काढावा लागत नाही हे मलाही कळतं. पण त्याने डॉक्टर काय शोभेला निर्माण केलेत?

तर असं आमचं चाललं होतं, आणि एकाच दिवशी दोघं गेली. सकाळी गणिताचे मास्तर, दुपारी बेकरीवाल्याची आई. मास्तरांची पेटी छान झाली. म्हातारीच्या वेळी वखारीतलं सुकं लाकूड संपलेलं. उरलं होतं ते ओलं, हात लावला तर गार लागणारं. मी म्हटलं, घेऊ नका. हे म्हणाले, प्रभू सुकवील.

प्रभूने सुकवलं. कुठे, तर चर्चमध्ये, वेदीसमोर, भर उपासनेत. खिडकीतून ऊन नेमकं झाकणावर पडत होतं. दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला झाकण कुरकुरलं. चौथ्या कडव्याला एक खिळा टणकन फरशीवर पडला आणि झाकणाची एक बाजू हळूहळू चार बोटं वर आली. बेकरीवाल्याची बायको पहिल्याच बाकावर बसलेली. पंचवीस वर्षं त्या सासूच्या हाताखाली काढलेली बाई. तिने झाकण उघडताना पाहिलं आणि "आले, आई, आले!" म्हणत जी आडवी झाली ती पाणी मारल्यावर उठली. लोक म्हणाले, बिचारी दुःखाने पडली. दुःखाने कसली!

मला आत्ता हसू येतंय, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. यांनी पुढे जाऊन झाकणावर दोन्ही हात दाबून धरले आणि उरलेली उपासना तसेच उभे राहिले. एकतीस वर्षांत मी यांचे कान लाल झालेले पहिल्यांदा पाहिले.

चार दिवसांनी चर्चचे खजिनदार दुकानात आले. हे गृहस्थ पायऱ्या चढले की पोट आधी येतं आणि ते मागून येतात. त्यांनी खुर्चीत बसून दम घेतला आणि म्हणाले, "वहिनी, कमिटीपुढे विषय आलाय. चौकात नवं दुकान निघालंय ना, त्याच्याकडे तयार पेट्या असतात. लहान, मधली, मोठी. फोन केला की तासात हजर. चर्चचं काम यापुढे त्याला द्यावं असं काही लोकांचं म्हणणं आहे."

"काही लोक म्हणजे तुम्ही," मी म्हटलं.

"येत्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. काय सांगायचं ते तिथे सांगा. हल्ली नुसती श्रद्धा चालत नाही, नियोजन लागतं."

चौकातल्या त्या पेट्या मी पाहिल्या होत्या. भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या, वर लाकडाचं चित्र चिकटवलेलं. कोपरा ओला झाला की चित्र सुटतं. पण नियोजनाचं बोलणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं आणि नेमकं त्या माणसाच्या तोंडून आलं होतं.

आमचं निम्म्याहून जास्त काम चर्चचं. ते गेलं तर दुकान बंद, आणि या वयात यांना एकच दार उघडं होतं: गावाबाहेरचा तोच बोर्डाचा कारखाना. तिथून सुटणारी माणसं मी पाहिली आहेत. भुवयांपर्यंत पांढरी झालेली असतात. इथे दार उघडं ठेवून, लाकडावर पाणी शिंपडून काम होतं, तरी हे खोकतात. तिथे हे वर्षभरसुद्धा टिकले नसते. मला दुकान गेलं असतं तर चाललं असतं. हे गेलेले चालणार नव्हते.

हे मात्र शांत. "त्याची इच्छा असेल तर काम राहील."

"आणि नसली तर?"

"तरी आमेन."

मी हातातली कात्री टेबलावर आपटली. म्हटलं, आता याचं आपणच बघायचं.

चर्चमधल्या आजाऱ्यांची यादी दर शनिवारी मी लिहिते, कारण माझं अक्षर बरं आहे. रविवारी पाळकसाहेब ती वेदीवरून वाचतात. एकेक नाव झालं की सगळे मिळून म्हणतात, "हे प्रभू, ऐक." त्या शनिवारी मी ती यादी लिहिली, आणि मग त्याच वहीतला दुसरा कागद फाडून दुसरी यादी करायला बसले. वखारवाल्यासाठी. चर्चमध्ये कोण किती वयाचं, कोणाची तब्येत कशी, कोणाला किती लांबीच्या फळ्या लागतील. तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसून मी सगळ्यांच्या पाठी पाहते आहे. माप घ्यायला मला टेप लागत नाही. सोमवारी वखारीत जायचं, माझ्या नावाने फळ्या घ्यायच्या, अस्तराच्या ताग्यांमागे सुकत ठेवायच्या. यांना कळायच्या आत निम्म्या सुकल्या असत्या. आणि त्याआधी, दुसऱ्याच दिवशीच्या बैठकीत, मला छाती ठोकून सांगता आलं असतं की आमचंही नियोजन झालंय.

खरं सांगते, लिहिताना मला मजा आली. जिभेवर आलेलं एरवी गिळावं लागतं, ते सगळं कागदावर उतरलं. शेवटी एक नाव उरलं. समोर तो माणूस रंधा मारत होता आणि मध्येच थांबून, पाठ फिरवून खोकत होता, म्हणजे मला दिसू नये. मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले. मग दोन ओळी खरडल्या, कागदाची घडी घातली आणि शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकली. कुठे, तर आजाऱ्यांच्या यादीवर. जगाला नियोजन शिकवणारी मी!

रविवारी निघताना उशीर झाला. मी केस विंचरता विंचरता आतून ओरडले, "ड्रॉवरमधला कागद घ्या आणि पाळकांना द्या!"

यांनी वरचा कागद घेतला. उघडून पाहिला नाही.

आता पाळकसाहेबांविषयी थोडं सांगायला हवं. नवे आहेत, तरुण आहेत, मनाने लोण्यासारखे आहेत, आणि त्या आठवड्यात त्यांच्या चष्म्यावर त्यांचा स्वतःचाच मुलगा बसला होता. त्यामुळे कागद नाकाला लावून एकेक शब्द वाचत होते. त्यात आदल्याच रविवारी त्यांनी आम्हाला झापलं होतं, की तुम्ही प्रार्थना फार मोघम करता. प्रभूपुढे नेमकं बोला, तपशील द्या.

"प्रभू, आम्ही आजाऱ्यांना तुझ्या हाती देतो," त्यांनी सुरुवात केली. "लांबकाका. वय चौऱ्याऐंशी. सहा फूट दोन इंच."

"हे प्रभू, ऐक," सगळे म्हणाले. कोणाला काही वाटलं नाही. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर तर समाधान होतं. कोणीतरी तपशील दिला होता.

मला मात्र कळलं, कोणता कागद गेलाय ते. शेजारी हे डोळे मिटून बसलेले. मी कोपराने ढोसलं. यांनी डोळे न उघडता माझा हात प्रेमाने दाबला.

"छातीच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई. पाच फूट. मुलगा परदेशात असतो, तो येईपर्यंत थांबावं लागेल, तरी लाकूड चांगलं हवं."

"हे प्रभू, ऐक."

"खजिनदार. पाच फूट पाच. लांबी नेहमीची चालेल, पोटामुळे खोली वाढवावी. उचलायला सहा नाही, आठ माणसं."

चर्चमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. पण सवय ही फार वाईट गोष्ट असते. "हे प्रभू, ऐक," लोक म्हणाले.

"असेच जिने चढत राहिले तर नाताळाच्या आत."

"हे प्रभू, ऐक!" हे एकटे म्हणाले, डोळे मिटून, मनापासून, खणखणीत आवाजात.

खजिनदार उठून उभे राहिले. मी बाकाखाली जाता येतं का ते पाहत होते. पाळकसाहेबांना अजून काही उमगलं नव्हतं. त्यांनी पुढची ओळ नाकाजवळ नेली. "पाळकसाहेब. तरुण आहेत. घाई नाही." आणि इथे ते थांबले. कागद खाली घेतला, परत वर घेतला. त्यांचे ओठ हलत होते. मग ते कागदाची घडी घालायला लागले.

"थांबू नका!" लांबकाका मधल्या रांगेतून गरजले. उभे राहिले की त्यांचं डोकं दिव्याला लागतं. "शेवटपर्यंत वाचा. आमचं वाचलंत ना? मग कोण उरलंय तेही कळू द्या."

पाळकसाहेब गोंधळले आणि वाचत गेले.

"आमचे हे. माप घेतलेलं नाही, घेणारही नाही. यांच्यासाठी फळ्या आणायच्या नाहीत. यांचं, प्रभू, तुझं तू बघ. पण उशिरा बघ, बाबा. हात जोडते."

सगळ्या माना मागे, माझ्या बाकाकडे वळल्या. खजिनदारसुद्धा खाली बसले. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता मला तरी उचलावं त्याने. सगळ्या चर्चचं नियोजन करणारी बाई, आणि घरच्या माणसापाशी येऊन अशी हात टेकते, हे सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं. यांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडे बघत होते. खोकला आला होता, तो दाबल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं होतं; किंवा खोकल्याने नसेलही.

मग लांबकाका म्हणाले, "हे प्रभू, ऐक." आणि मागोमाग सगळं चर्च म्हणालं. इतक्या मोठ्याने लोक नाताळातही म्हणत नाहीत.

उपासनेनंतर मागच्या खोलीत बैठक झाली. त्याआधी मी यांना दारात गाठलं. "उघडून बघायला काय झालं होतं?"

"तुझ्यावर विश्वास होता," हे म्हणाले.

मी कपाळाला हात लावून आत गेले.

खजिनदारांचा चेहरा टोमॅटो झाला होता. "माझं पोट प्रभूसमोर मोजलं गेलंय," ते म्हणाले. "ही माणसं आपल्या मरणाची वाट बघताहेत. काम चौकातल्या दुकानालाच द्या."

"एक मिनिट," लांबकाका म्हणाले. ते कमिटीत नव्हते, पण त्यांना बाहेर काढायचं म्हणजे दार मोठं करावं लागलं असतं. "मी काल चौकातल्या दुकानात जाऊन आलो. म्हटलं, आपली सोय आपण बघावी. त्याची मोठी पेटी सहा फुटाची. मी म्हटलं, माझं काय? तर म्हणतो, काळजी नको आजोबा, गुडघे दुमडू. अरे, प्रभूसमोर गुडघे मी माझे मी टेकीन. दुकानदाराने कशाला दुमडायचे?"

नर्सबाई खुदकन हसल्या. "आणि माझा मुलगा येईपर्यंत थांबायचं, हे माझ्या सुनेच्याही लक्षात राहत नाही," त्या म्हणाल्या. "हिने लिहून ठेवलं."

"पण ओलं लाकूड?" खजिनदार. "झाकण उघडलं त्याचं काय?"

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आता हे म्हणणार, प्रभू पुरवील, आणि संपलं. कारखान्याचं फाटक मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

हे उठले. टोपी हातात फिरवत राहिले. "चूक माझी आहे," हे म्हणाले. "लाकूड सुकायला वेळ लागतो, ते त्यानेच तसं केलंय. ते मी मानलं नाही, आणि त्यालाच श्रद्धा म्हणत राहिलो." मग जरा खोकून म्हणाले, "फळ्या आणून ठेवीन. कापून, सुकवून ठेवीन. जोडणार मात्र नाही. जोडायचं ते त्याने सांगितल्यावर."

"आणि मी सहा फूट तीन आहे," लांबकाका म्हणाले. "दोन नाही. लिही गं पोरी नीट."

काम आमच्याकडे राहिलं. सात हात वर, एक खाली. तो एक बाहेर मला एकटीला गाठून हळूच म्हणाला, "वहिनी, नाताळाच्या आत... खरंच का हो?"

"रोज चालायला जा," मी म्हटलं. "आणि केक जरा कमी खा. तुमचं काम पुढच्या वर्षीही आम्हाला नको आहे."

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन दुकानात आले तर दुकान बंद. हे नाहीत. चहा निवला. हे न सांगता कधी कुठे जात नाहीत. मी शेजारी विचारलं, चर्चमध्ये डोकावून आले, आणि परत येईपर्यंत मनात नको नको ते यायला लागलं. उशिरा बघ म्हटलं होतं मी त्याला. उशिरा म्हणजे सोमवार नव्हे!

दहाच्या सुमाराला हातगाडी आली. गाडीवर फळ्या, लांब, मधल्या, आणि दोन तर सहा फुटांच्याही पुढच्या. मागून हे, घामाघूम.

"सांगून जायला काय धाड भरली होती?" मी ओरडले. मला रडू येत होतं म्हणून जास्तच ओरडले. "वखारीत एवढा वेळ?"

"आणखी एके ठिकाणी गेलो होतो." यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. त्यावर डॉक्टरांच्या दवाखान्याचा शिक्का होता. "तिथेही आधी नंबर लावावा लागतो म्हणे. लावून आलो. शुक्रवार, दहा वाजता. वहीत लिहून ठेव."

मी वही उघडली. पेन्सिल धरली. तीस वर्षं याद्या लिहिणारी मी, आणि एक शुक्रवार लिहिता येईना.

"तुम्हीच लिहा," मी म्हटलं.

यांनी कानामागची सुतारी पेन्सिल काढली आणि फळीसारख्या जाडजूड अक्षरांत लिहिलं: शुक्रवार. दहा. दोघं जाणे. जरा थांबले, आणि खाली सवयीने लिहिलं, आमेन.

"आमेन बरोबर आहे," मी डोळे पुसत म्हटलं. "पण घरातून साडेनऊला निघायचं."